आधी ठराव, मग विधेयक: अमेरिकी प्रतिनिधिगृहात जहाजवाहतुकीचं विधेयक चर्चेला कसं येतं

सागरी कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अमेरिकेत समुद्री मालवाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण कमी करणारं ‘ओशन शिपिंग रिफॉर्म’ विधेयक (एच.आर. २१४९) १९९६ साली प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आलं. ते चर्चेला घेण्यापूर्वी सभागृहानं एक वेगळाच ठराव मंजूर केला. एक तास सर्वसाधारण चर्चा, पाच मिनिटांचा नियम, समितीचा मसुदा ‘मूळ विधेयक’ मानणं, ‘प्रीव्हियस क्वेश्चन’, ‘रिकमिट’ असे शब्द अशा ठरावात असतात. तिचं विचारणं असं, की विधेयकाआधी ठराव कशासाठी, या शब्दांनी प्रत्यक्षात काय बदलतं, आणि जहाजांच्या धंद्यातल्या माणसानं ही कटकट का वाचायची.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझं पोट याच कामावर आहे. शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपन्या, आणि निर्यातदार यांच्यातले करार वाचणं, ते अमेरिकेच्या कायद्यात बसतात का ते पाहणं, हे मी मुंबईत बसून बरीच वर्षं करतो आहे. न्हावा शेवाहून न्यूयॉर्कला किंवा सव्हानाला जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या भाड्याचा करार अमेरिकेच्या शिपिंग कायद्याखाली येतो, मग माल नाशिकचा असो की तिरुपूरचा. त्या कायद्यात एखादं कलम आहे की नाही, हे पुष्कळदा कलमाच्या बरेवाईटपणावर ठरलेलं नसतं. ते कलम मांडायला सभागृहात जागा होती का, यावर ठरलेलं असतं. ती जागा हा ठराव ठरवतो. म्हणून मी नवीन विधेयक आलं की आधी ठराव वाचतो आणि मग विधेयक, आणि तुम्हीही तसंच करा.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण विधेयकात काय होतं हे कळल्याशिवाय नियमांचं वजन कळणार नाही.

शंभर वर्षांहून जास्त काळ जहाज कंपन्या ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संघटना करून एका मार्गावरचं भाडं आपसात ठरवत आल्या. इतर बहुतेक धंद्यांत असं केलं तर अमेरिकेत तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली गुन्हा. जहाजांना १९१६ च्या शिपिंग कायद्यानं त्यातून सूट दिली, पण बदल्यात देखरेख लावली. १९६१ पासून ही देखरेख फेडरल मेरिटाइम कमिशन करतं. लाइननं आपलं दरपत्रक कमिशनकडे दाखल करायचं आणि त्यात लिहिलंय तेवढंच भाडं घ्यायचं, एक डॉलर कमी नाही की जास्त नाही. १९८४ च्या कायद्यानं पहिली फट पाडली. निर्यातदार ठरावीक माल देण्याची हमी देईल आणि लाइन ठरावीक दर देईल, असा ‘सर्व्हिस काँट्रॅक्ट’ करायला परवानगी मिळाली. पण कराराच्या मुख्य अटी, दरासकट, जाहीर कराव्या लागत, आणि तशाच परिस्थितीतला दुसरा निर्यातदार येऊन ‘मलाही हाच करार द्या’ म्हणू शकत असे. म्हणजे सौदा झाला तरी तो चारचौघांत. कॉन्फरन्समधल्या एखाद्या लाइनला वेगळा दर द्यायचा असेल, तर दहा दिवसांची सूचना देऊन तो देता येत असे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या निर्यातदारांना हे जाचू लागलं. विमानं १९७८ ला मोकळी झाली, रेल्वे आणि ट्रक १९८० ला, आणि १९९५ च्या डिसेंबरात तर शंभर वर्षांहून जुनं इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच गुंडाळलं गेलं. जहाजं मात्र मागे राहिली होती. अशा हवेत प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष, पेनसिल्व्हेनियाचे बड शूस्टर यांनी १९९५ साली एच.आर. २१४९ मांडलं. करार गोपनीय करायचे, दरपत्रकं सरकारकडे दाखल करणं थांबवायचं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे फेडरल मेरिटाइम कमिशनच बंद करायचं. विधेयकाच्या लांबलचक नावातच कमिशन संपवण्याचा उल्लेख होता.

विरोध कुणाचा? लहान निर्यातदारांचा, कारण गोपनीय करार म्हणजे मोठ्याला स्वस्त आणि लहानाला महाग, आणि लहानाला ते कळणारही नाही. काही बंदरांचा, कारण लाइन एका बंदराला झुकतं माप देऊ लागली तर तक्रार कुठे करायची? गोदी कामगारांच्या संघटनांचा, कारण माल कुठल्या धक्क्यावर उतरणार हेच गुपित झालं तर त्यांच्या करारातल्या हक्काचं काम दुसरीकडे वळलं तरी पत्ता लागणार नाही. आणि जहाज नसताना वाहतूकदार म्हणून काम करणाऱ्यांचा, ज्यांना आपण एनव्हीओसीसी म्हणतो, कारण गोपनीय करार करण्याची मुभा जहाजवाल्यांना मिळणार होती, त्यांना नाही. इतके पक्ष, इतके परस्परविरोधी हितसंबंध. अशा विधेयकाला कुठल्या नियमाखाली चर्चेला घ्यायचं, हा प्रश्न कारकुनी राहत नाही.

आता ठरावाकडे येऊ.

अमेरिकी प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत. समित्यांमधून विधेयकं बाहेर पडतात ती क्रमानं यादीला लागतात. यादीच्या क्रमानं घ्यायचं म्हटलं तर महत्त्वाचं विधेयक कधी वर येईल याचा भरवसा नाही, आणि सभागृहाच्या कायम नियमांप्रमाणे चर्चेला व हरकतींना अंत राहत नाही. म्हणून एक ‘रूल्स कमिटी’ आहे. तिच्यात १३ सदस्य, त्यातले ९ बहुमतवाल्या पक्षाचे आणि ४ अल्पमताचे. सभागृहात बहुमत जेमतेम असलं तरी इथे दोनास एकाहून जास्त. ही समिती प्रत्येक मोठ्या विधेयकासाठी एक खास ठराव लिहिते. हे विधेयक यादी ओलांडून पुढे येईल, एवढा वेळ चर्चा होईल, अमुक दुरुस्त्या घेता येतील, तमुक हरकतीचे मुद्दे, म्हणजे नियमभंग झाल्याच्या तक्रारी, चालणार नाहीत, हे सगळं त्यात असतं. सभागृहानं तो साध्या बहुमतानं मंजूर केला की त्या विधेयकापुरता तोच कायदा. आपल्याकडे लोकसभेत कार्यमंत्रणा समिती वेळ वाटून देते, पण दुरुस्ती मांडण्याचा सदस्याचा हक्क ती काढून घेऊ शकत नाही. अमेरिकेची रूल्स कमिटी ते करू शकते. दोन्ही संसदांमधला हा सर्वांत मोठा फरक मला वाटतो.

ठरावावर स्वतःवर एक तास चर्चा होते. हा तास बहुमताच्या एका सदस्याच्या ताब्यात असतो आणि तो प्रथेप्रमाणे निम्मा वेळ अल्पमताला देतो. देताना शब्द ठरलेले असतात: ‘फक्त चर्चेसाठी’. या दोन शब्दांमुळे समोरचा सदस्य बोलू शकतो, पण ठरावात दुरुस्ती सुचवू शकत नाही. मग येतो ‘प्रीव्हियस क्वेश्चन’. त्याचा अर्थ इतकाच की चर्चा थांबवून आता ठरावावर मत घ्यायचं का. नवख्याला हे मतदान वेळकाढू वाटतं. प्रत्यक्षात हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा क्षण असू शकतो. ते हरलं तर ठरावाचा ताबा विरोध करणाऱ्या सदस्याकडे जातो, त्याला एक तास मिळतो आणि तो ठरावच बदलून मांडू शकतो. म्हणून अल्पमतवाले कित्येकदा आपली पर्यायी दुरुस्ती कामकाजाच्या वृत्तांतात छापून ठेवतात, की हे मतदान हरलं तर आम्ही हे मांडणार होतो. जुन्या वृत्तांतात ती पानं मिळाली तर सोडू नका. विधेयकावर खरा झगडा कशावरून होता, ते तिथे नेमकं लिहिलेलं असतं.

ठरावाचे प्रकार ढोबळमानानं तीन. ‘ओपन’ म्हणजे विषयाला धरून असलेली कुठलीही दुरुस्ती कुणालाही आणता येते. ‘स्ट्रक्चर्ड’ म्हणजे समितीनं आधी निवडून छापलेल्या दुरुस्त्याच येतील. ‘क्लोज्ड’ म्हणजे एकही नाही. एच.आर. २१४९ ला ओपन ठराव मिळाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आज ते दुर्मीळ आहे. २०१७-१८ च्या काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेच्या दोन वर्षांच्या मुदतीला ‘काँग्रेस’ म्हणतात) तर एकाही विधेयकाला ओपन ठराव मिळाला नाही. १९९५ मध्ये मात्र रिपब्लिकन पक्ष चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृहात बहुमतात आला होता आणि ‘आधीच्यांनी आमची तोंडं बंद केली, आम्ही तसं करणार नाही’ हे त्यांचं जाहीर वचन होतं. ते वचन पूर्णपणे पाळलं गेलं नाही, पण या विधेयकापुरतं पाळलं गेलं, आणि माझ्या मते ते योग्य होतं.

ठराव मंजूर झाल्यावर सभागृह स्वतःचं रूपांतर एका समितीत करतं. तिचं नाव ‘कमिटी ऑफ द होल’. तेच सदस्य, तीच खोली. अध्यक्ष आसनावरून उतरतात आणि बहुमताचा दुसरा एखादा सदस्य बसतो. अध्यक्षांच्या बाजूचा राजदंड वरच्या चौथऱ्यावरून खालच्या चौथऱ्यावर ठेवला जातो. गॅलरीत बसलेल्याला सभागृह कुठल्या रूपात आहे ते दंडाच्या जागेवरून कळतं. फायदा काय? गणपूर्ती २१८ ऐवजी १०० वर येते आणि नियम सैल होतात. नोंदवलेलं मतदान मागायला २५ सदस्य उभे राहिले की पुरे.

एक व्यावहारिक सूचना इथेच देतो. जुने ठराव वाचताना नियमांचे आकडे फसवतात. १९९६ चा ठराव ‘नियम तेवीस, कलम एक (ब)’ असं म्हणेल. आजचे नियम उघडून तेविसावा नियम पाहाल तर तिथे सदस्यांची आचारसंहिता मिळेल. १९९९ च्या जानेवारीत सगळ्या नियमांची पुनर्रचना झाली आणि कमिटी ऑफ द होलची तरतूद अठराव्या नियमात गेली. नवीन वकील इथे हमखास अडखळतात.

पहिला टप्पा सर्वसाधारण चर्चा. एक तास, निम्मा समितीच्या अध्यक्षाकडे आणि निम्मा अल्पमताच्या प्रमुख सदस्याकडे. या विधेयकात ते शूस्टर आणि मिनेसोटाचे जेम्स ओबरस्टार. दोघंही आपापल्या बाजूच्या लोकांना दोन-दोन, तीन-तीन मिनिटं वाटून देतात. या तासात काही बदलत नाही, भाषणं होतात. धावतं वाचा आणि पुढे जा.

दुसरा टप्पा दुरुस्त्यांचा, आणि इथे मला थांबायचं आहे.

तुम्ही विचारलंत की समितीचा मसुदा ‘दुरुस्तीच्या हेतूनं मूळ विधेयक मानला जाईल’ हे वाक्य कशाला. झालेलं असं असतं की मांडलेलं विधेयक समितीत गेल्यावर समिती त्यात इतके बदल करते की शेवटी पूर्ण नवा मजकूर तयार होतो. तांत्रिकदृष्ट्या हा नवा मजकूर म्हणजे मूळ विधेयकाला सुचवलेली एक भलीमोठी दुरुस्ती. आता सभागृहाचा नियम आहे की दुरुस्तीला दुरुस्ती चालेल, पण त्या दुरुस्तीला पुन्हा दुरुस्ती नाही. दोनच पायऱ्या. समितीचा मजकूर पहिली पायरी धरला, तर सदस्यानं आणलेली दुरुस्ती दुसरी पायरी होते आणि तिच्यात आणखी कुणी काही बदल सुचवू शकत नाही. समजा एका सदस्यानं सुचवलं की करार गोपनीय राहावा, पण बंदराचं नाव जाहीर करावं. दुसऱ्याला वाटलं की बंदराचं नाव नको, बंदरांचा पट्टा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बंदरांचा गट, सांगितला तरी पुरे. पायऱ्या संपल्या असतील तर हा मधला मार्ग मांडताच येणार नाही. समितीच्या मजकुरालाच मूळ मानलं की एक पायरी मोकळी होते आणि तडजोडीला सभागृहातच वाव मिळतो. या एका वाक्यावर कायद्याचं अंतिम रूप अवलंबून असू शकतं.

ही तडजोड मी हवेतून काढलेली नाही. १९९८ च्या कायद्यात शेवटी जे आलं ते असंच होतं. दर गोपनीय, पण कुठल्या बंदरपट्ट्यातून कुठल्या बंदरपट्ट्यात, कुठला माल, किमान किती आणि किती मुदतीसाठी, या चार गोष्टी जाहीर.

पाच मिनिटांचा नियम म्हणजे दुरुस्ती मांडणाऱ्याला पाच मिनिटं आणि विरोध करणाऱ्याला पाच मिनिटं. कागदावर दहा मिनिटांत संपलं. ओपन ठरावाखाली मात्र कुणीही उठून ‘शेवटचा शब्द गाळावा’ अशी नावापुरती दुरुस्ती मांडतो आणि स्वतःची पाच मिनिटं मिळवतो. शब्द कुणी गाळत नाही. असे वीस सदस्य उठले तर एका दुरुस्तीवर दीड तासाहून जास्त वेळ जातो, आणि गंभीर विषयावर तो जायलाच हवा.

याच सवलतीचा आणखी एक उपयोग आहे, जो आम्हा कायदा वाचणाऱ्यांना सोन्यासारखा आहे. एखादा सदस्य उठतो आणि समितीच्या अध्यक्षाला विचारतो: या कलमाचा अर्थ असा असा आहे, ही माझी समजूत बरोबर आहे का? अध्यक्ष म्हणतात, बरोबर आहे. हा संवाद आधी ठरवून, लिहून आणलेला असतो. त्यामागे बहुधा एखादं बंदर, संघटना किंवा निर्यातदारांचा गट असतो, ज्याला दुरुस्ती मिळवता आली नाही पण अर्थ नोंदवून घेता आला. पुढे कमिशनपुढे किंवा न्यायालयात त्या कलमावर वाद झाला की वकील वृत्तांतातलं हे पान काढतात. न्यायालय ते मानेलच असं नाही. पण नसण्यापेक्षा असणं नक्कीच बरं.

दुरुस्तीला मर्यादा एकच मोठी: ती विषयाला धरून हवी. सोळाव्या नियमाचं सातवं कलम. एच.आर. २१४९ परदेशी व्यापारातल्या मालवाहतुकीबद्दल होतं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल फक्त अमेरिकी जहाजानंच न्यायचा हा १९२० चा जोन्स कायदा वेगळा. कुणी या विधेयकाला जोन्स कायदा रद्द करण्याची दुरुस्ती जोडू पाहिली असती तर माझ्या अंदाजानं हरकतीच्या मुद्द्यावर ती तिथेच पडली असती. ‘ओपन’ म्हणजे वाटेल ते, असा समज असेल तर तो काढून टाका.

दुसरी मर्यादा क्रमाची आहे. मजकूर भागाभागानं वाचला जातो आणि एका भागावरच्या दुरुस्त्या संपून पुढचा भाग सुरू झाला की मागे जाता येत नाही. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी नसलेल्या लहान संघटना इथे मार खातात. त्यांना विधेयक सभागृहात आल्याचं कळतं तेव्हा त्यांचा भाग उलटलेला असतो. त्या काळातल्या ओपन ठरावांत आणखी एक ओळ असे: ज्यांनी दुरुस्ती आधी वृत्तांतात छापली आहे त्यांना बोलण्यात प्राधान्य देता येईल. सक्ती नाही, पण छापलेली बरी. विरोधकाला तयारीला वेळ मिळतो हे खरं, पण लपवून आणलेली दुरुस्ती पंचाईत करते ती आणणाऱ्याचीच, कारण तिच्यातली भाषेची चूक दाखवायला कुणालाच वेळ मिळालेला नसतो.

हरकतींच्या माफीबद्दल थोडक्यात. अंदाजपत्रकाच्या कायद्यामुळे आणि सभागृहाच्या नियमांमुळे बऱ्याच विधेयकांत काही ना काही नियमभंग निघतो: खर्चाचा अंदाज वेळेवर आला नाही, धोरणाच्या विधेयकात पैशाची तरतूद घुसली, वगैरे. ठराव त्या हरकती आधीच माफ करतो. कुठल्या माफ केल्या हे वाचा. माफीवरून विधेयकाची दुखरी जागा कळते.

दुरुस्त्या संपल्या की समिती उठते, राजदंड वर जातो, अध्यक्ष परत येतात आणि समितीनं सभागृहाला, म्हणजे त्याच लोकांनी त्याच लोकांना, अहवाल दिला असं मानलं जातं. इथे एक बारीक पण मोलाचा भेद आहे. समितीत मंजूर झालेल्या दुरुस्तीवर सभागृहात पुन्हा वेगळं मतदान मागता येतं. नामंजूर झालेल्या दुरुस्तीला अशी दुसरी संधी नाही. म्हणजे जिंकलेल्याला दोनदा जिंकावं लागतं आणि हरलेला एकदाच हरतो.

हरलेल्याला एकच दार उरतं: ‘रिकमिट’, म्हणजे विधेयक समितीकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव. तो अल्पमताचा हक्क. १९९६ च्या काळात तो ‘सूचनांसह’ मांडता येत असे. त्या सूचनांत प्रत्यक्ष दुरुस्तीचा मजकूर घालून ‘ताबडतोब परत सादर करा’ असं म्हटलं, की विधेयक खोलीबाहेर न जाता जागच्या जागी बदललं जाई. २०२१ च्या जानेवारीपासून सूचना जोडण्याची सोय काढली आणि आता नुसतं परत पाठवता येतं. अल्पमताच्या हातातली शेवटची खरी दुरुस्ती त्यामुळे गेली. हे मला गंभीर नुकसान वाटतं, कुठलाही पक्ष सत्तेत असो.

एच.आर. २१४९ मे १९९६ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. आणि तिथेच अडकलं. सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अशी रूल्स कमिटी नाही. तिथे विधेयक पुढे जातं ते सर्वांच्या संमतीनं किंवा साठ मतांच्या जोरावर. बंदरं आणि कामगार असलेल्या किनारी राज्यांच्या सदस्यांना डावलून कमिशन बंद करणं तिथे शक्य नव्हतं. त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

पुढच्या काँग्रेसमध्ये टेक्ससच्या सिनेटर के बेली हचिसन यांचं एस. ४१४ आलं. तेच १९९८ च्या ऑक्टोबरात कायदा झालं आणि १ मे १९९९ पासून लागू झालं. कमिशन राहिलं. करार गोपनीय झाले, पण ते कमिशनकडे दाखल करायचे. दरपत्रक दाखल करणं थांबलं, पण ते संगणकावर जाहीर ठेवायचं. ‘मलाही हाच करार’ म्हणण्याचा हक्क गेला. कॉन्फरन्सला आपल्या सदस्य-लाइनला स्वतंत्र करार करण्यापासून रोखता येईना, आणि दहा दिवसांच्या सूचनेचे पाच दिवस झाले. कामगार संघटनेनं विचारलं तर तिच्याशी करार असलेल्या लाइननं माल धक्क्यावर कसा हलणार याची माहिती द्यावी, हे कलमही आलं. एनव्हीओसीसींना मात्र करार करण्याची मुभा मिळाली नाही. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर स्लेड गॉर्टन यांनी ती दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली होती, ती पडली. त्यांना तशी सोय २००५ मध्ये कमिशनच्या नियमानं मिळाली.

म्हणजे १९९६ ची ओपन चर्चा वाया गेली का? मला तसं वाटत नाही. गोपनीयता किती, बंदरांचं काय, कामगारांचं काय, कमिशन हवं की नको, हे प्रश्न प्रत्यक्ष मजकुराच्या रूपात सभागृहात आले, त्यावर माणसांनी आपापल्या नावानं मत दिलं. दोन वर्षांनी तडजोड करणाऱ्यांना कुठे किती लोक उभे आहेत हे ठाऊक होतं. बंद दाराआड बसून केलेल्या अंदाजानं ते कळलं नसतं.

आता याच्या शेजारी २०२२ ठेवा. महामारीत कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं. अमेरिकी शेतकऱ्यांचा माल घ्यायला थांबण्यापेक्षा रिकामे कंटेनर आशियात परत नेणं लाइनना फायद्याचं झालं. बंदरात अडकलेल्या कंटेनरवर डिटेंशन आणि डेमरेजची, म्हणजे कंटेनर ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकून राहिल्याच्या दंडाची, बिलं चढू लागली, आणि ती भरताना आपल्याकडच्या निर्यातदारांचेही हाल झाले. मग नवं ‘ओशन शिपिंग रिफॉर्म’ विधेयक आलं, या वेळी नियंत्रण वाढवणारं. ते रूल्स कमिटीच्या ठरावानं आलंच नाही. ‘सस्पेन्शन’ नावाच्या वाटेनं आलं. त्यात नियम बाजूला ठेवले जातात, चर्चा ४० मिनिटं, सभागृहातून एकही दुरुस्ती नाही, आणि मंजुरीला दोन-तृतीयांश मतं. ८ डिसेंबर २०२१ रोजी प्रतिनिधिगृहाचं एच.आर. ४९९६ हे ३६४ विरुद्ध ६० मतांनी मंजूर झालं. सिनेटनं मार्च २०२२ मध्ये आपला वेगळा मसुदा, एस. ३५८०, आवाजी मतदानानं मंजूर केला. १३ जून २०२२ ला प्रतिनिधिगृहानं तो जसाच्या तसा ३६९ विरुद्ध ४२ मतांनी स्वीकारला, पुन्हा सस्पेन्शननंच, आणि तीन दिवसांत राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

एकमत होतं, घाई होती, ते मी समजू शकतो. डिटेंशनच्या बिलाचा खरेपणा सिद्ध करण्याची जबाबदारी लाइनवर टाकणारं कलम फार चांगलं आहे, माझ्या अशिलांना त्याचा उपयोग झालेला आहे. पण प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यातल्या काही कडक अटी सिनेटच्या मसुद्यात नव्हत्या, आणि जूनमध्ये त्या परत आणायला कुणालाही उठून उभं राहण्याची सोय नव्हती. जागा असताना लाइननं निर्यातदाराचा माल नाकारला तर तो ‘अवाजवी’ केव्हा, हा सर्वांत कळीचा शब्द कायद्यानं मोकळा सोडला आणि त्याची व्याख्या कमिशनवर टाकली. ओपन ठराव असता तर कुणी तरी त्या शब्दाला हात घातला असता, निदान समितीच्या अध्यक्षाला प्रश्न विचारून अर्थ तरी नोंदवला असता. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून वाचा म्हणजे फरक जाणवेल: एकीकडे हुज्जत, दुसरीकडे एकमेकांचे आभार.

आपल्या संसदेचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील, कारण १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची जागा घेणारं विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. लोकसभेत ते आलं तेव्हा मतदारयाद्यांच्या प्रश्नावर विरोधकांची घोषणाबाजी चालू होती आणि विधेयक आवाजी मतदानानं पार पडलं. आपल्या नियमात दुरुस्ती मांडण्याचा हक्क अमेरिकेपेक्षा भक्कम आहे: एक दिवस आधी सूचना द्या, खंडावर, म्हणजे विधेयकाच्या कलमावर, मांडा, मत मागा. पण पक्षांतरबंदीमुळे पक्षादेशाबाहेर मत देता येत नाही, आणि गदारोळात खंडशः विचार म्हणजे खंडांचे आकडे वाचणं उरतं. तिथे दार नियमानं बंद होतं, इथे दार उघडं असून आत कुणी जात नाही. कोकणच्या किनाऱ्यावरून हजारो मुलं जहाजांवर नोकरीला जातात. त्यांच्या कामाच्या अटी ठरवणाऱ्या कायद्यावर खंडाखंडानं बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या अभ्यासासाठी वाचण्याचा क्रम सांगतो. आधी ठराव आणि त्यावरची एक तासाची चर्चा. मग प्रीव्हियस क्वेश्चनचं मतदान, आणि अल्पमतानं तिथे काही छापून ठेवलं असेल तर ते. मग समितीचा अहवाल, त्यातलं अल्पमताचं मतप्रदर्शन आधी आणि बहुमताचं नंतर. त्यानंतर दुरुस्त्या, पण नामंजूर झालेल्या आधी वाचा. १९९८ चा कायदा हातात घेऊन त्यातली कुठली कल्पना आधी हरली होती ते शोधत गेलात, तर महिनाभराचं काम होईल आणि प्रबंधाचा एक प्रकरणभर मजकूर हाती लागेल. भाषणं सगळ्यांत शेवटी.